पायरी

करुणाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं कॉलेजात सगळे म्हणत. साफ खोटं! तिचा राग पोटात असे, आणि तिथेच तो शिजत असे. नाकावर असता तर बरं झालं असतं. निदान लोक जपून वागले असते.

२००६ साली रत्नागिरीच्या सड्यावरच्या, उघड्या कातळपठारावरच्या, इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या तिघांनी एक कन्व्हर्टर बांधायला घेतला. सावर्ड्याची करुणा, तिच्याच वर्गातले मुकुल आणि वेद. सरळ वाहणाऱ्या विजेची लाट करायची, पण एका दमात नाही, पायरीपायरीने. त्यासाठी एकसारखे खोके आणि प्रत्येकात वीज साठवणारा एक कपॅसिटर. खोका जोडला की व्होल्टेज एक पायरी चढतं, काढला की उतरतं. खोके सगळे करुणाने बांधले. सोल्डरिंग करून तिची बोटं पोळली होती.

विभागप्रमुखांचा हुकूम होता, क्रम ठरलेला हवा. पहिला खोका नेहमी पहिला, शेवटचा नेहमी शेवटचा.

"सर, पहिला एकटाच राबेल. क्रम फिरता ठेवू या," करुणा म्हणाली.

कोण ऐकतंय! चाचणीत पहिला कपॅसिटर भरत गेला, भरत गेला आणि फाडकन फुटला. मग वेदने करुणाचं म्हणणं प्रोग्रॅममध्ये उतरवलं. जो जास्त भरला त्याला विसावा, जो रिकामा त्याची पाळी. पडद्यावर लाट कशी छान उमटली.

आता मुंबईहून परीक्षक येणार होते. त्यांच्यापुढे बोलायला सरांनी मुकुलला निवडलं.

"फिरता क्रम कुणी सुचवला म्हणून सांगायचं?" वेदने विचारलं.

"विभागाने," सर म्हणाले. करुणाने तोंड उघडलं, तसे ते गोड हसले. "करुणा, माणसाने आपली पायरी ओळखून राहावं."

मुकुलने ते ऐकलं आणि मान खाली घालून बूट न्याहाळले.

पायरी! करुणाच्या आजोबांना बागायतदाराच्या घरी पायरीखाली उभं करत आणि वरून ओंजळीत पाणी ओतत. आजोबा गेले, बागायतदार गेला, मेली पायरी मात्र जिथल्या तिथेच! करुणाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने घरी फोन केला. वडिलांनी, केरू गुरुजींनी, सगळं ऐकून घेतलं.

"राग येवदे, बाय," ते म्हणाले. "पन वाया घालवू नको."

परीक्षेच्या दिवशी मुकुल पोपटासारखा बोलला. परीक्षकांनी विचारलं, "क्रम फिरता का ठेवलात?" पोपट सरांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मागे उभी केलेली करुणा पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"सर, तो क्रम मी सुचवला." तिने फुटका कपॅसिटर टेबलावर ठेवला. "सगळे खोके सारखेच आहेत. वर कुणी कायमचा नाही, खाली कुणी कायमचा नाही. एकालाच त्याच्या पायरीला बांधून ठेवलं, की हे असं होतं."

परीक्षकांनी खूश होऊन मान डोलावली. पोरगी विजेबद्दल बोलतेय, असंच त्यांना वाटलं. विभागप्रमुखांचे कान मात्र लाल झाले.

सगळे गेल्यावर मुकुल घुटमळत आला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गं."

"हवं होतं," करुणा म्हणाली, आणि खोक्याचे स्क्रू काढायला लागली.