चिंचेखालचे सूर्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बरोबरच्या बायकांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही. अनोळखी माणसापुढे जीभ जरा सैल सुटते — नाही का?

आमच्या भागातल्या शाळांमध्ये माझं एक नाव होतं. ‘ग्रहण शिकवावं तर ह्या बाईंनीच,’ असं म्हणायचे. आणि मी ते ऐकून घ्यायचे. नुसतं ऐकून नाही, खरं सांगायचं तर चवीने ऐकून घ्यायचे. आता सांगायला बसले आहे तर तेही सांगून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जूचंद्रजवळच्या एका पाड्यावर दोन खोल्यांची शाळा होती, नाव नको. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली, नायगावला भाड्याच्या घरात राहायचे आणि चौथीला शिकवायचे. नवी नवी मास्तरीण — अंगात नुसता उत्साह! दिवाळीच्या सुट्टीत सूर्यग्रहण येणार हे कळलं आणि सहामाही परीक्षेचा अभ्यास बाजूला पडला. आम्ही खिडक्यांना गोणपाटं लावून वर्गात अंधार करायचो. कंदील म्हणजे सूर्य, मोसंबं म्हणजे पृथ्वी, सुपारी म्हणजे चंद्र. एकेका पोराने यायचं आणि दोऱ्याला बांधलेली सुपारी मोसंब्याभोवती फिरवायची. सुपारीची सावली मोसंब्यावर पडली की सगळा वर्ग श्वास रोखायचा. मी म्हणायचे, “राहू नाही, केतू नाही. सावली आहे नुसती. सावलीला कोण भितं?” पोरं ओरडायची, “कोन नाय!”

मग आम्ही पुठ्ठे कापले. टाचणीने भोक पाडलेला पुठ्ठा उन्हात धरायचा, सूर्याकडे पाठ करायची, आणि खाली दुसऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं चित्र पडतं ते बघायचं. “वर बघायचं नाही, खाली बघायचं” — हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. डोळ्यांचा प्रश्न होता. पुठ्ठे घरी नेऊन हरवतील म्हणून वर्गातल्या कपाटात ठेवले, वर्गाला कुलूप लावलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी शाळेत यायचं, मी येऊन कुलूप काढणार, असं ठरलं.

सगळ्यांत पुढे वनिता असायची. नऊ वर्षांची, बोलायला कमी. पण तिच्या हातात रांगोळी होती — तशी त्या भागात ती घरोघरी असतेच, पण वनिताची चिमटीतून सुटलेली रेघ बघून मोठ्या बायका थांबायच्या. “बाई, तुमी नक्की याल ना?” असं तिने जाता जाता विचारलं होतं. मी हसले होते. न यायला काय झालं?

ती सकाळ. मी साडी नेसून तयार होते, किल्ली पर्समध्ये होती. सासूबाईंनी पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि देवापुढे बसल्या. आणि बाहेरचं ऊन बदलायला लागलं. कसं सांगू? ऊन होतं, पण त्यातला जीव गेल्यासारखं. समोरच्या भिंतीचा रंग मळका झाला. कावळे ओरडायचे थांबले. माझी पाचावर धारण बसली. लहानपणी माझी आई ग्रहणात आम्हा भावंडांना गोधडीखाली घालायची, ती गोधडी मला आठवली. मी चप्पल काढली.

तुम्हाला वाटेल, दिवस गेलेले असतील. नव्हते. सासूबाईंनी अडवलं असेल? त्या माउलीने तर विचारलं, “अगं, पोरं वाट बघत असतील ना? जायचं तर जा.” कुणीही अडवलं नव्हतं. मी आतल्या खोलीत गेले, पर्स उशाशी ठेवली, खिडकी लावली आणि अंगावर पांघरूण ओढून पडून राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी पोरांना शिकवली होती, वाक्यात उपयोग करायला लावला होता.

गल्लीतून “दे दान, सुटे गिऱ्हाण” ऐकू आलं तेव्हा उठले, अंघोळ केली आणि शाळेकडे निघाले. वाटेत सबब जुळवत होते. ताप आला म्हणावं, की पाहुणे आले म्हणावं? शाळेच्या फाटकाशी पोचले आणि दोन्ही सबबी विसरले.

पटांगणात मोठी चिंच होती. तिच्या खालची काळी, ओलसर जमीन पांढऱ्या कोरींनी भरली होती. कोरीच कोरी! बीजेच्या चंद्रासारख्या, वितीएवढ्या, रांगोळीने भरलेल्या, आणि शेजारशेजारच्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. खोडापासून दूर होत्या त्या जाड, मग अलीकडे बारीक होत गेलेल्या, मग अगदी नखाएवढ्या रेघा, आणि खोडाजवळ पुन्हा जाड. पाय ठेवायला जागा नव्हती. मी देवळात उभी राहते तशी चपला बाहेर काढून उभी राहिले, हे माझं मलाही नंतर कळलं. आयुष्यात मी फारशी थक्क झालेले नाही. त्या दिवशी झाले.

पोरं कडेला बसली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मी म्हटलं, “इतके चंद्र कुणी काढले?”

“चांद नाय, बाई,” वनिता म्हणाली. “सूर्य हायत. झाडाखाली पडलं व्हतं, खूप. आमी वरून रांगोली भरली नुसती.”

मला काही समजेना. मग तिनेच सांगितलं. पुठ्ठे आत, कुलूप लागलेलं, बाईंचा पत्ता नाही. पण बाईंनी बजावलं होतं ना, वर बघायचं नाही, खाली बघायचं? म्हणून ती पोरं खाली बघत उभी राहिली. आणि चिंचेच्या पानापानांमधून पडलेला उन्हाचा प्रत्येक ठिपका चावलेल्या भाकरीसारखा झालेला त्यांना दिसला. “पानांची भोकं, बाई. टाचनीच्या भोकावानी.” दिवाळीच होती, घरोघरी ओटीवर रांगोळीचे डबे भरलेले. मोठी माणसं दारं लावून आत होती. पोरं धावत जाऊन डबे घेऊन आली, आणि ठिपके सरकत गेले तशी त्यांच्या मागोमाग भरत गेली. मला हे ठाऊक नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीने ते जमिनीवर वाचलं आणि लिहूनही ठेवलं — बाईला दाखवायला!

“बाई, तुमी पायलं?” तिने विचारलं.

“पाहिलं ना,” मी म्हणाले. “घरून पाहिलं.”

हा पहिला खोटेपणा. हा लहान होता.

तेवढ्यात हेडगुरुजी आले, त्यांच्याबरोबर वनिताचे वडील आणि गावातली चार माणसं. वडील संतापून तरातरा पुढे आले. वनिताने धाकट्या भावालाही बरोबर आणलं होतं. “गिराण लागलेलं असताना पोरांना भायेर कोनी काढलं?” त्यांनी विचारलं. एक पोरगं म्हणालं, “बाईंनी बोलवलं व्हतं.” हेडगुरुजी माझ्याकडे वळले. “काय बाई? सुट्टीत पोरं तुम्ही बोलावलीत?”

सगळे माझ्याकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. फार तर बोलणी बसली असती, फार तर बदली झाली असती. आणि मी — सावलीला कोण भितं म्हणणारी मी — म्हणाले, “मी? छे हो गुरुजी. सुट्टीत मी कशाला बोलावीन?”

वनिताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोड्यातली एक ओळ वाचायची राहिली की मूल पुन्हा पुस्तकाकडे बघतं, तसं. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, “मी बोलवली सगल्यांना.”

वडिलांनी तिच्या कानाखाली दिली. “गिराणात रांगोली काढतेस? झाडून टाक पयलं सगलं!”

झाडू वर्गात होता. वर्गाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे होती. मी पर्स उघडली, कुलूप काढलं, कपाट उघडलं आणि झाडू काढून माझ्या हाताने तिच्या हातात दिला. कपाटात पुठ्ठ्यांची चळत होती, तिने ती पाहिली. मी कपाट लावून घेतलं. तिने झाडायला खोडापासून सुरुवात केली आणि एकही अश्रू न गाळता सगळे सूर्य पुसले. मी बघत उभी होते.

सुट्टीनंतर ती नेहमीसारखी पुढे बसली. तिने तो विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही. तिने माझ्यासाठी ते का केलं? मला आजही कळत नाही. एवढ्याशा पोरीत एवढं मोठं काही मावतं कसं?

पुढे मी ते सगळं शिकवायला लागले. चिंचेखालच्या कोरी, पानांमधली भोकं, रांगोळी — दर वर्षी, नव्या वर्गाला. पण ‘मी पाहिलं’ असं म्हणून. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला तो पाठ घ्यायला सांगायचे. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “मॅडम, तुमच्या लक्षात कसं आलं हे?” मी म्हणाले, “खाली बघत होते ना.” टाळ्या पडल्या.

पंधराएक वर्षांनी वसईच्या बस स्टँडवर वनिता भेटली. कडेवर मुलगी. माझ्या पाया पडली आणि मुलीला म्हणाली, “ह्या माझ्या बाई. मला गिराण यांनी शिकवलं. बाईंनी पन पायलं व्हतं, घरून.” मुलीने माझ्याकडे मोठे डोळे करून पाहिलं. मी मान हलवली — हो म्हणून. गाडी लागली, त्या दोघी गेल्या.

चिंचेखालचे सूर्य वनिताने पाहिले. मी तेव्हा नायगावच्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन पडले होते, आणि वर्गाची किल्ली माझ्या उशाशी होती.