लिगेरी आत्याचा विलाप

ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या आमच्या सगळ्या मानी मुलखात, डोंगरापासून थेट टोकाच्या दीपगृहापर्यंत, पुस्तक लिहिलेली बाई एकच, आणि ती माझी धाकटी बहीण. पोलितिमी. स्त्रुंबाकोसांची लेक. कुणाला वाटत असेल अजून एखादी आहे, तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं. मी चार इयत्ता शिकलो, तिमी सहा. त्या जास्तीच्या दोन इयत्ता मी बाबांशी भांडून तिला मिळवून दिल्या. बाबा म्हणायचे, "बंदूक आहे का ती, शिकवायला?" आमच्याकडे मुलाला बंदूक म्हणतात. मुलीला काहीच म्हणत नाहीत. मी म्हटलं, "बंदूक नसेल, पण डोकं माझ्यापेक्षा चांगलंय." आणि माझं डोकं काही वाईट नाही, गावाला विचारा.

तिमी यिथिओ गावच्या दवाखान्यात फरशा पुसायची. लग्न केलं नाही. दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली बसून लिहायची, एका हातात पाव आणि ऑलिव्ह, दुसऱ्यात पेन. पुस्तकाची पानं कित्येक वर्षं घामट आणि तेलकट होत राहिली. शेवटी अथेन्सच्या बायकांच्या एका छोट्या छापखान्यानं ते छापलं. नाव 'वर ओढलेली शिडी'.

तिच्यात अजून एक गोष्ट होती. ती विलाप बांधायची. हे आईकडून आलेलं. माणूस गेलं की बाया त्याच्याभोवती बसतात, एक जण सुरू करते, तिथल्या तिथे ओळी जुळवते, बाकीच्या उचलून धरतात. मेलेल्याचं सगळं आयुष्य बाहेर येतं, त्याला कोणी छळलं तेसुद्धा नावानिशी. विलापात बाई काय बोलली याचा जाब तिला कोणी विचारायचा नाही. मध्येच तोडायचाही नाही, पाद्री आला तरी दारात थांबतो. आणि एका माणसाचा विलाप एकदाच. तेच शब्द परत कुणी म्हणत नाही, स्वतः बांधणारीसुद्धा नाही. आम्ही पुरुष बाहेर भिंतीला टेकून उभे राहतो आणि ऐकू येत नसल्यासारखं करतो.

लिगेरी आत्यावर असा विलाप झाला नाही.

ती बाबांची धाकटी बहीण. आमचं घर म्हणजे जुना दगडी मनोरा, मजल्यावर मजला, मधे भोक आणि लाकडी शिडी. पूर्वी हल्ला झाला की वर चढून शिडी ओढून घ्यायचे. आत्याचं लग्न बाबांनी आणि काकानं एका म्हाताऱ्या तेलवाल्याशी ठरवलं. आत्या वरच्या मजल्यावर चढली आणि शिडी वर ओढून घेतली. झालं. काका खालून ओरडला, बाबा ओरडले, पाद्र्यानं समजावलं. आत्या वरून म्हणाली, "तेलवाला गेला की सांगा." तेलवाल्यानं दुसरीकडे लग्न केलं, त्याला मुलं झाली, तरी आत्या वरच. टोपली दोरीला बांधून आई तिला पाव, चीज, पाणी द्यायची. माझ्या लहानपणी आत्या म्हणजे छतातून खाली येणारा हात. त्या हातातून मी कितीदा अंजीर घेतलेत.

दहा-बारा वर्षांनी ती वरच वारली. बाबांनी सांगितलं, "जिनं घराचं ऐकलं नाही, तिच्यासाठी घर रडणार नाही." आईनं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. तिमी तेव्हा एवढीशी, आईच्या गुडघ्याला धरून उभी होती. आमच्याकडे ज्याच्यावर कोणी रडलं नाही तो नीट मेलेला नसतो, मधेच कुठेतरी अडकलेला असतो. वरच्या मजल्यावर आई नंतर कधीच एकटी गेली नाही.

पुस्तकात तिमीनं हेच लिहिलं, नावं बदलून. त्यात वरच्या बाईच्या पावलांचा आवाज घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ऐकू येतो, भिंतीतून बोलणं येतं, पिठात रोज सकाळी कुणाच्यातरी बोटांचे ठसे दिसतात. मी दिवसा वाचलं आणि दिवसाच घाबरलो, आणि मी घाबरणारा माणूस नाही. शेवटी सगळ्या सुना मिळून आपल्या झग्यांची दोरी वळतात आणि त्या बाईला खाली घेतात. मेलेली का जिवंत, ते तिमीनं सांगितलेलं नाही. गावातल्या लोकांनी पुस्तक वाचलं नाही, पण नावाजलं भरपूर.

मग, आई-बाबा दोघंही गेल्यावर, अथेन्सहून फेदोन आला. सिनेमा काढणारा. पांढरे बूट घालून आमच्या डोंगरात. त्याला पुस्तक हवं होतं आणि मनोराही हवा होता. मी त्याला जेवायला बसवलं, डुकराचं खारवलेलं मांस, संत्र्याची साल घातलेलं, आमचं स्वतःचं. तिमी म्हणाली, "एकच अट. आत्याचा विलाप सिनेमात पाहिजे. गावातल्या बायांनी केलेला, तिच्या नावानं. घरानं केला नाही, तो सगळ्या देशानं ऐकायचा."

फेदोन म्हणाला, "अहो बाई, तेच तर सिनेमाचं काळीज आहे!"

"शब्द?"

"शब्द."

मी साक्षीला होतो. पाव मोडला, वाइन प्यायलो. आमच्याकडे याच्यापुढे कागद लागत नाही. कागदावर फक्त मनोऱ्याचं आणि पुस्तकाचं लिहिलं. विलापाचं लिहून घ्यायचं आमच्या मनातही आलं नाही. विलाप कोण तोडतं?

शूटिंगला गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आल्या, काळे झगे इस्त्री करून. खालच्या खोलीत शवपेटी, पेटीत ती नटी, तोंडाला पीठ फासलेलं. मी आणि बाकीचे पुरुष रीतीप्रमाणे बाहेर, खिडकीशी.

"हं आज्यांनो, रडा," फेदोन म्हणाला.

मेताक्सिया काकू सगळ्यांत थोरली. ती म्हणाली, "कोणावर?"

"हिच्यावर."

"हिची छाती वरखाली होतेय."

"अहो काकू, खोटं खोटं आहे!"

"खोटं खोटं तुझ्या आईवर कर. पोरगी जिती आहे. जितीवर विलाप केला तर वर्षाच्या आत खड्डा खणावा लागतो. ए पोरी, ऊठ बघू. लग्न झालंय का तुझं?"

नटी घाबरून उठून बसली. फेदोननं डोक्याला हात लावला. मेणाची बाहुली आणू का म्हणाला.

"बाहुली कुणाची लेक?" मेताक्सिया काकूनं विचारलं. बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "त्यालाच झोपवा पेटीत, बूट छान आहेत." फेदोन बाहेर येऊन मला म्हणतो, "लिकूर्गोस, काहीतरी करा." मी म्हटलं, "हे बायकांचं राज्य आहे, इथे मीसुद्धा काही करू शकत नाही." आणि मी बरंच काही करू शकतो.

तेवढ्यात तिमी घरात गेली आणि आत्याचा काळा रुमाल घेऊन आली, डोक्याला बांधायचा. आईनं जपून ठेवलेला. समुद्रात बुडालेल्यांचं असंच करतात, अंग नाही मिळालं तर कपडे ठेवून रडतात. तिमीनं रुमाल रिकाम्या पेटीत पसरला, केस मोकळे सोडले, बसली. बाया हसायच्या थांबल्या.

मग तिनं सुरू केलं. माझी बहीण म्हणून सांगत नाही, तसा आवाज मी जन्मात ऐकला नाही. तेलवाला आला, अंजीर आले, टोपली आली, दोरी धरून आईचे तळहात सोलले ते आलं. मेताक्सिया काकू उत्तर द्यायची, बाकीच्या छाती पिटायच्या. कॅमेऱ्यावरचा माणूस डोळे पुसत होता. आणि मग तिनं बाबांचं नाव घेतलं.

"उतरते म्हणत, लिगेरी, शिडी खाली सोडलीस;
स्त्रातिस भावा, तुकडे करून चुलीत ती तू जाळलीस."

माझ्या आजूबाजूचे पुरुष बुटांकडे बघायला लागले. पुस्तकात हे होतं, पण पुस्तकात कुणीतरी एक भाऊ होता. आता नाव आलं. म्हणजे आत्या एका हिवाळ्यात खाली यायला निघाली होती. आजारी होती, शिडी सोडली होती. आणि माझ्या बापानं ती फोडून जाळली होती. आईनं मरताना हे तिमीला सांगितलं, मला नाही. पण विलापाचा जाब विचारायचा नसतो. मी विचारला नाही. संपल्यावर बहिणीला पाणी नेऊन दिलं आणि म्हटलं, "चांगला बांधलास."

तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. म्हणाली, "दादा, आता आत्या सुटली."

पुढल्या उन्हाळ्यात सिनेमा गावात दाखवायला आणला. नाव बदललं होतं, 'मनोऱ्यातली नवरी'. चौकात पडदा, खुर्च्या, भाजलेल्या बिया. अंधार पडायची वाट बघत सगळा गाव बसला. तिमी पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी नवा शर्ट घालून. सुरुवातीला मजा होती. "अगं, माझी बकरी!" "तो बघ पानोस, सिनेमात पण जांभई देतोय!"

मग पडद्यावर आमची आई आली. म्हणजे आईसारखी टोपली घेतलेली एक बाई, वाकड्या नाकाची. ती टोपलीतला पाव स्वतः खाते आणि हसते. शिडी तीच काढून नेते. भाऊ बिचारा परदेशात, त्याला काही माहीतच नाही. मला वाटलं मी चुकीचं बघतोय. मागून कुणीतरी पुटपुटलं, "भावजया अशाच असतात."

आणि मग पेटी. आमच्या बाया छाती पिटताना दिसल्या, पण आवाज नाही. व्हायोलिन वाजत होतं. तिमीचं तोंड हलत होतं आणि व्हायोलिन वाजत होतं. पेटीत रुमाल नव्हता. ती नटी होती, पीठ फासून. ते नंतर अथेन्समध्ये जोडलं. एक घोड्यावरचा देखणा माणूस आला, वाकला, तिचा मुका घेतला आणि ती उठून बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मेताक्सिया काकूनं छातीवर क्रुसाची खूण केली. "आपल्याला जितीवर रडवलं," ती म्हणाली. "देवा, आपल्या तोंडानं जितीवर रडवलं." ती खुर्ची सोडून निघून गेली, मग दुसरी गेली, मग तिसरी. तिमी मात्र शेवटचं अक्षर येईपर्यंत बसली. आत्याचं नाव कुठेच आलं नाही.

मी अथेन्सला गेलो. एकटा, बसनं, सोबत कुणी लागत नाही मला. फेदोनच्या ऑफिसात त्याच्या टेबलावर मूठ आपटली. "माझ्या आईला चेटकीण केलंस? शब्द दिला होतास!"

"शब्द पाळला की," तो म्हणाला. "दृश्य आहे. बायका आहेत. लोकांना एवढा वेळ रडणं सहन होत नाही, लिकूर्गोस. आणि तुमच्या वडिलांचं नाव मी वाचवलं. आभार मानायला हवेत तुम्ही."

"मला आवाज दे. ती टेप दे. सिनेमा घाल चुलीत."

त्यानं आवाजवाल्याला बोलावलं. गरीब पोरगा, मान खाली घालून म्हणाला, "त्या टेपवर दुसरं भरलं, काका. टेपा महाग असतात."

"काय भरलं?"

"साबणाची जाहिरात."

मी त्या पोराला मारलं नाही. फेदोनची खुर्ची मात्र खिडकीतून खाली गेली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

घरी आलो तर तिमी दारातच. "आणलंस?"

"नाही."

तिनं साबणाचं ऐकून घेतलं. रडली नाही. चूल पेटवली, बीन्स शिजत टाकल्या. मी म्हटलं, "परत बांध. तुझ्यासारखं कोण बांधणार?"

"एकाचा एकदाच, दादा. दिला तो. साबणाखाली गेला." मग म्हणाली, "मेताक्सिया काकूला विचारलं मी. तिला काही आठवत नाही. कुणालाच नाही, रडत होत्या ना. मला स्वतःलाही नाही. तू बाहेर उभा होतास, रडत नव्हतास. तुला काय आठवतंय?"

मी खूप आठवून पाहिलं. अंजीर असलेली ओळ मला हवी होती. आईच्या तळहातांची हवी होती. त्या चांगल्या ओळी सगळ्या गेल्या. ज्या जिव्हारी लागल्या होत्या त्या दोनच राहिल्या होत्या.

"बाबांची आठवतेय," मी म्हटलं.

"म्हण."

आमच्याकडे पुरुष विलाप म्हणत नाही. स्वतःच्या बापाला दोष देणारा तर नाहीच नाही. मी चुलीकडे तोंड करून दोन्ही ओळी म्हटल्या, बोलल्यासारख्या, सुराशिवाय. ती ओठ हलवत ऐकत होती.

"एवढंच राहिलं?"

"एवढंच."

त्यानंतर तिनं कुणावर विलाप बांधला नाही. लोक बोलवायचे, ती जाऊन मागे बसायची. पुस्तकही दुसरं लिहिलं नाही. निवृत्त होईपर्यंत फरशा पुसल्या.

सिनेमा मात्र टीव्हीवर येत राहिला. एका रविवारी कॉफीच्या दुकानात लागला होता. पानोसनं पत्ते पिसता पिसता पडद्यावरच्या वाकड्या नाकाच्या बाईकडे बोट केलं आणि नव्या जावयाला सांगितलं, "ही यांची आई बरं का. आत्याला हिनंच मारलं."

मी उठलो. सगळी टेबलं भरलेली होती. मी माझ्या बापाचं नाव घेऊन त्या दोन ओळी तिथे म्हटल्या, भर दिवसा, पुरुषांसमोर, मोठ्यानं. मग सांगितलं, "माझ्या आईनं टोपली दिली. शिडी स्त्रातिस स्त्रुंबाकोसनं जाळली. आता लावा पुढे सिनेमा."

पानोसनं पत्ते खाली ठेवले. दुकानदार एवढंच म्हणाला, "स्वतःच्या बापावर, लिकूर्गोस?"

तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणी खेळायला बसत नाही. आणि गावाला विचारलंत, तर अजूनही सांगतात की शिडी आईनंच नेली. त्यांनी सिनेमात बघितलंय.