बिब्ब्याचा डाग

गाठ मला दिसली ती बोंबील टांगताना. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. वरच्या बांबूसाठी मुलीने मान उंच केली, तेव्हा तिच्या गळ्यात जरा उजवीकडे चिंचोक्याएवढं काहीतरी वर आलेलं दिसलं. तिने आवंढा गिळला तसं ते वर गेलं आणि खाली आलं. मुलगी अकरा वर्षांची.

सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिलं. म्हणाल्या, "गाठ हाय. बिब्बा लावला की बसते. माझी काखेतली बसली व्हती."

नवरा बोटीवर होता. मी सहसा बोलत नाही. सासूबाईंनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं काळं तेल गाठीवर टेकवलं. मुलीचे दोन्ही हात मी धरले होते.

तिसऱ्या दिवशी फोड आला. पुढे तो फुटला, चिघळला. गाठ होती तेवढीच राहिली. मग आम्ही तिघी बोईसरला डॉक्टरांकडे गेलो.

"हे गळ्यावर काय झालं?"

"चहा सांडला," सासूबाई म्हणाल्या.

"चहा बरा नेम धरून सांडला, आजी."

मी खाली बघत राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि सोनोग्राफीसाठी पालघरला पाठवलं.

पालघरच्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. मला ते आधी बरं वाटलं, नंतर भीती वाटायला लागली. मुलीच्या गळ्यावर गार चिकट औषध लावून त्या यंत्र फिरवत होत्या. जखम चहाने भाजल्याची, हे सासूबाईंनी त्यांनाही सांगितलं होतं. मध्येच त्या विचारत होत्या. घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का? मानेला कधी किरणांचे उपचार झाले होते का? मी दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली.

"कॅन्सर हाय का?" सासूबाईंनी सरळ विचारलं.

"ते नुसतं बघून नाही सांगता येत, आजी. पण लहान मुलांच्या गाठीत मोठ्यांपेक्षा जास्त वेळा कॅन्सर निघतो, म्हणून आम्ही नीट बघतो. हिच्या गाठीच्या कडा साफ आहेत, आत पांढरे कण नाहीत. हे चांगलं." त्यांचा हात बाजूला सरकला आणि थांबला. "पण शेजारच्या या दोन ग्रंथी सुजल्यात. कॅन्सर पसरताना आधी इथेच येतो. हे मला आवडलेलं नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल."

मुलगी गळा पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बाकावर मी सासूबाईंना म्हटलं, "सांगूया."

"गप बस. पोरीला भाजलं म्हनून चार लोकांत आब्रू जायची."

आत मुंबईसाठी चिठ्ठी लिहिली जात होती. मी उठले, पण दारापर्यंत जाऊन थांबले. आत दुसरी बाई तपासायला बसली होती. तिच्यासमोरच मी बोलले. "चहा नाय सांडला. बिब्बा लावला. मी धरलं व्हतं तिला."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. "कधी?"

"वीस दिवस झाले."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी जखम पुन्हा पाहिली, हळूच दाबली आणि चिठ्ठीतली मुंबईची ओळ खोडली. "ग्रंथी या जखमेनेही सुजल्या असतील. जखम बरी होऊ दे, मग परत बघते. पण गाठ बिब्ब्याची नाही, ती आधीपासून आहे. तिच्यात सुई घालून तपासावंच लागेल."

सुईच्या दिवशी मी मुलीजवळ उभी राहिले. ती म्हणाली, "आई, हात नको धरूस." मी मागे सरकले. तिने पलंगाची कड धरली आणि डोळे मिटले. सुई तिच्या गळ्यात जाताना मी भिंतीला टेकून उभी होते.

रिपोर्टला आठ दिवस लागले. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, ग्रंथीही उतरल्या होत्या. तरी डॉक्टर बाई म्हणाल्या, "मुलांची गाठ एका रिपोर्टवर सोडून द्यायची नसते. सहा महिन्यांनी या."

ते सहा महिने परवा झाले. मुलीला पलंगावर निजवलं आणि यंत्र गळ्याला लागायच्या आतच सासूबाई पुढे झाल्या. "बाय, या खेपेला काय पन लावलं नाय. तवा बी मीच लावला व्हता, हिने नाय. खोटं बी मीच बोलले."

"बरं, आजी. आता जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही."

त्यांनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या. मी मुलीच्या गळ्यावरच्या काळ्या डागाकडे बघत होते. तो काही गेलेला नाही.

"तेवढीच आहे. वाढलेली नाही. पुढच्या सहा महिन्यांनी परत."

मुलीने गळा पुसला आणि पलंगावरून उतरायला माझ्यापुढे हात केला.