दाराजवळचे मामा

माझे पाचोऱ्याचे मामा आयुष्यात कुठल्याही जागेच्या आत गेलेले नाहीत. ते फक्त दारापर्यंत जातात. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. मला अलंकार येत नाहीत, मी पत्रकं लिहिते. भडगावात तुंबलेल्या गटारापासून मुलींच्या हिरावलेल्या मैदानापर्यंत ज्या ज्या गोष्टीवर कुणीतरी ओरडायला हवं होतं, त्या प्रत्येकीवर मी एकेक पानी पत्रक काढलं आहे, आणि प्रत्येकाच्या तळाशी ठळक अक्षरात एकच ओळ असायची: 'भिऊ नका, बाहेर या.' आणि माझा सख्खा मामा असा, की त्यांना बाहेर या म्हणायची सोयच नाही. ते आधीपासून बाहेरच उभे असतात, एक पाय उंबऱ्यावर, टोपी हातात, नजर छताकडे. चहाला बोलावलं तर कप घेऊन दारात. कुणी वारलं तर सांत्वन दारातून. कुठल्याही घरी, कचेरीत, दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मागलं दार कोठे शे?" एकदा तर चक्क उघड्या शेतात भरीत पार्टीला गेलो असताना त्यांनी हा प्रश्न विचारला. सगळे हसले. मामांनी शांतपणे चारही बांध पाहून घेतले, आणि मग वांग्याला हात लावला.

लग्नात मुहूर्ताची वेळ आली की लोक अक्षता हातात घेतात, मामा मंडपाच्या मागच्या कनातीची दोरी सोडायला घेतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्या फटीतून एका म्हशीनं मान आत घातली आणि व्याह्यांसाठी मांडलेली केळीची पानं ओढायला सुरुवात केली. मंगलाष्टकं थांबली, आजोबांनी मामांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. मामा म्हणाले, "ती आत ई शकनी, म्हणजे आपण बाहेर जाई शकतस." एसटीत ते नेहमी त्या खास खिडकीशी बसतात आणि 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही ओळ चष्मा लावून पूर्ण वाचतात, दर खेपेला, जणू मजकूर बदलला असेल. धुळ्याला जाताना शहराच्या जरा अलीकडे त्यांनी खिडकी खरंच उघडते का ते पाहिलं. खिडकी उघडली, आणि पूर्णच्या पूर्ण महामार्गावर पडली. गाडी थांबली. कंडक्टर आणि मामा मागे चालत गेले आणि एकेक टोक धरून खिडकी घेऊन आले. कंडक्टरचं तोंड तापलेल्या तव्यासारखं, मामांचं नवरदेवासारखं. आता ही कोण बसवणार, असं कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाले, "कोनी बी बसाडी. उघडस, हाई महत्त्वाचं शे."

या सगळ्याचं कारण मला कॉलेजात असताना कळलं आणि मी त्याचं जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मामा तरुणपणी कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाची आग दिसत नाही, ती ढिगाच्या आतून चालते. वर पांढरंशुभ्र असतं आणि खाली निखारे. तशी ती एका दुपारी चालत आली. मामा पुढच्या दारानं निघाले. त्यांचा जोडीदार मागच्या दाराकडे धावला, आणि मागच्या दाराला रुईच्या, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या, गठाणी रचून ठेवलेल्या होत्या. मी हे आईकडून ऐकलं आणि रातोरात पत्रक लिहिलं: मालकाच्या हव्यासानं कामगाराचा बळी, वगैरे. मामांना विचारलं नाही. पाचोऱ्याच्या बाजारात वाटलं. मामांनी ते उभ्यानं वाचलं, दारातच, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तू लिव्हं ते खरं शे, माय. पन गठाणी मी रचेल व्हत्या. जागा नव्हती, म्हणीसन." त्यानंतर मी जगातल्या पुष्कळ लोकांना पुष्कळ सुनावलं, पण मामांच्या भीतीवर कधी हसले नाही. म्हणजे, फारसं हसले नाही.

माझी धाकटी बहीण तेजू फुटबॉल खेळते. गोलकीपर आहे. मामांना हा खेळ मुळातच पटला नव्हता. त्यांच्या दृष्टीनं तीन दांड्यांचं एक दार आहे, त्यातून कुणीतरी बिचारं जायला बघतंय, ही पोर आडवी पडून त्याला अडवते आणि वर लोक टाळ्या वाजवतात. "जाऊ दे ना एखाद वखत त्याले," असं त्यांनी तिला गंभीरपणे सुचवलं होतं. तरी भडगावच्या शाळेच्या मैदानावर तिचा प्रत्येक सामना बघायला ते पाचोऱ्याहून यायचे आणि लोखंडी फाटकात उभे राहायचे. (त्या मैदानावर आता वर्षाचे आठ महिने मंडपाचे बांबू पडलेले असतात. त्यावर माझी तीन पत्रकं आहेत. चौथं छापायला दिलंय.) तेजूची एक सवय होऊन बसली: पेनल्टी आली की ती आधी फाटकाकडे बघायची. मामा दिसले की हातमोजे एकमेकांवर आपटायची आणि वाकून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, मामा दारात उभा आहे म्हणजे अजून कुठं काही पेटलेलं नाही.

तर ही तेजू राज्याच्या संघात गेली आणि संघ अंतिम सामन्याला दिल्लीत, देशातल्या मोठ्या फुटबॉल स्टेडियममध्ये. घरच्यांसाठी दोन पास. बाबांच्या पायाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आई त्यांच्यापाशी. राहिलो मी आणि मामा. सामना चार वाजता होता आणि त्याच्यानंतर त्याच मैदानावर एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम. म्हणजे पोरींनी वर्षभर गुडघे फोडून गाठलेला अंतिम सामना हा गाण्याआधीचा वेळ घालवायचा प्रकार. याच्यावर मी बोलायला लागले तर हा लेख इथंच थांबेल, म्हणून गिळते. तेजूनं निघायच्या आदल्या दिवशी मामांना फोन केला आणि एवढंच सांगितलं, "मामा, तू माले दारात दिसना पायजे." मामा म्हणाले, "दारातच ऱ्हासु."

वचन देताना त्यांना ते स्टेडियम माहीत नव्हतं. आम्ही तीन तास आधी पोहोचलो, आणि ती एवढी थोरली गोल भिंत समोर आली. मामा चालायला लागले. बाहेरून पूर्ण फेरी, प्रत्येक फाटकाशी थांबून, बोटांवर मोजत. सुरक्षावाल्यानं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा अडवलं. "चाचा, गेट क्यूं गिन रहे हो?" पांढरी टोपी, हातात पिशवी, आणि फाटकं मोजणारा माणूस, त्याची काय चूक? मी एरवी पोलिसाशी अर्धा तास भांडते, तिथं मला हिंदीतलं एक वाक्य जुळेना. मामांनीच त्याला समजावलं, अर्धं अहिराणीत, अर्धं हिंदीत, की तू पण मोजून ठेव, कामाला येतं. त्यानं पिशवी उलटी केली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. त्यानं आम्हाला सोडलं, पण आम्ही आत जाईपर्यंत तो आमच्याकडे बघत होता, आणि ओठ हलवत होता. मला वाटतं तो मोजत होता.

आत, प्रेक्षकांत शिरायला जो बोळ असतो त्याच्या तोंडाशी मामा थांबले. समोर एकदम आकाशाएवढं मैदान, लांब टोकाला बाहुलीएवढी तेजू. माझा हात मामांनी मनगटाशी धरला होता. "मी आठेच उभा ऱ्हासु," म्हणाले, म्हणजे इथंच, बोळाच्या तोंडाशी. सामन्याचा पहिला अर्धा तास ठीक गेला. मग गाण्यासाठी येणारी माणसं यायला लागली. आधी चार-चार, मग थव्यानं, मग थवे संपले आणि नुसती एक सलग गोष्ट राहिली, जी पुढे सरकत होती. बोळात आवाज घुमायला लागला. माझी चप्पल कुणाच्या तरी पायाखाली गेली आणि ती काढायला वाकायला जागा नव्हती. मी मोर्चे काढलेत, लाठ्यांसमोर उभी राहिलेय, पण तिथं समोर कुणीतरी असतो, ज्याच्यावर रागवता येतं. इथं कुणीच नव्हतं. नुसती छाती दाबली जात होती. माझ्या मागे एक बाई भिंतीला चिकटली होती आणि हळू आवाजात, जणू स्वतःलाच, म्हणत होती की श्वास घेता येत नाही. मी ओरडले, मागे व्हा. माझा आवाज मलाच आला नाही.

तेवढ्यात वरच्या कठड्यावरून एक सुरक्षावाला वाकला. रागानं नाही, कळवळून म्हणाला, "चाचा, रास्ता आपने रोका है."

मामांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या पाठीशी बोळ भरला होता, कारण बोळाच्या तोंडाशी ते उभे होते, आणि त्यांच्यामुळे मी, आणि आम्हाला बघून आणखी दहाजण. त्यांचा चेहरा मी त्या एका क्षणात जसा पाहिला तसा कधी पाहिला नव्हता, राखेचा रंग. त्यांनी भिंतीला चिकटलेल्या त्या बाईचा हात धरला, तिला पुढे काढलं आणि मग ते आत गेले. मधे. रांगेच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास गुडघे, असल्या जागी जाऊन बसले. बोळ मोकळा झाला, माणसं आत सांडली. टोपी मामांनी दोन्ही हातांत पिळून धरली होती. मी म्हणाले, मामा, चला, बाहेर जाऊ. त्यांनी मान हलवली. "मी उठनू का परत रस्ता बंद होई."

आणि सामना बरोबरीत सुटला. टायब्रेकर, म्हणजे नुसत्या पेनल्ट्या.

तेजू गोलात जाऊन उभी राहिली आणि तिनं वर पाहिलं. मला माहीत होतं ती काय शोधते. एकेक बोळ, एकेक तोंड, डावीकडून उजवीकडे. मामा हात वर करत होते, पण आमच्याभोवती हजारो हात वर होते, गायक येणार म्हणून. मी बेंबीच्या देठापासून हाक मारली, ती तीन रांगांपलीकडे गेली नसेल. मामा पुटपुटत होते, "दारात नही मी, दारात नही," जणू पुन्हा एकदा कुणीतरी त्यांच्यामुळे आत राहिलं होतं. तेजूची मान एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली आणि थांबली. मग तिनं हातमोजे एकमेकांवर आपटले.

ती एकच चेंडू अडवू शकली. आम्ही हरलो. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि मामा सगळ्यात शेवटचा माणूस निघेपर्यंत जागचे हलले नाहीत.

बाहेर तेजू भेटली तेव्हा मामांना तिच्याकडे बघवेना. "मी दारात नव्हतू," एवढंच म्हणाले. ती दशमी खात होती. तिनं खाणं थांबवलं नाही. म्हणाली, "माले दिसनं ना, सगळा दारं मोकळा व्हतात. मंग मी म्हनं, मामा आत बशेल शे."

मामांनी पिशवीतून आणखी एक दशमी काढून तिच्या हातावर ठेवली.

त्यांची सवय गेलेली नाही. परवाच पाचोऱ्याला एका बारशात त्यांनी पाळण्याखालून मागचं दार शोधलं. बदल झालाच असेल तर माझ्यात. मैदानाच्या चौथ्या पत्रकातून मी शेवटची ती ठळक ओळ काढून टाकली. 'भिऊ नका' असं लिहायला पेन उचलत नाही. त्या जागी काय लिहावं हे सुचलं नाही, म्हणून कच्चा छाप मामांना दाखवायला नेला. त्यांनी दारात उभं राहून सगळा वाचला, तळाची कोरी पट्टी अंगठ्यानं चाचपली आणि कागद परत दिला.

"ऱ्हाऊ दे तसंच," म्हणाले. "मोकळं बरं."