बंद कारखान्याचा भोंगा

चिखलीकडच्या त्या कौलांच्या कारखान्याला कुलूप लागून वर्ष उलटलं, तरी त्याचा भोंगा काही गप्प बसला नव्हता. लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावात मालकांनी, म्हणजे नानासाहेबांनी, तो उचललेला. हाताने दांडा फिरवला की पंचक्रोशी हादरायची. आधी सावळारामचा बाप फिरवायचा. बाप गेल्यावर दांडा पोराच्या हातात आला, आणि भट्ट्या विझल्या तेव्हा त्याला थांब म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

गाव त्या भोंग्यावर उठायचं, फाटकाशी जाऊन बसायचं, दुपारच्या भोंग्याला भाकरी सोडायचं आणि संध्याकाळी दमून घरी यायचं. मुकादम गेनबा उशिरा येणाऱ्याला झापायचा. मेव्हणीच्या लग्नासाठी एकाने रजा मागितली, तर कामाचा खोळंबा होईल म्हणून गेनबाने ती नाकारली. आणि तोही लग्न सोडून फाटकाशी येऊन बसला.

सावळारामला याचा वीट आला होता. देहूरोडच्या डेपोत त्याला काम मिळालं. सोमवारी उजाडता हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. तो गेनबाकडे राजीनामा द्यायला गेला.

"कारखाना बंद हाय. राजीनामा घ्यायचा कुणी?" गेनबा म्हणाला. "नानासायेब येस्तवर वाजवायचा भोंगा."

नानासाहेब पुण्याला गेले ते गेलेच होते.

आई, तानाबाई, तर अबोला धरून बसली. नवऱ्यामागे त्याची म्हणून उरलेली वस्तू तो भोंगाच होता. रविवारी चुलीपाशी तिने एवढंच विचारलं, "दांड्याला जोर दंडाचा लावायचा का कमरंचा?" सावळारामला तो टोमणा वाटला. कमरेचा, असं म्हणून तो जेवायला बसला.

साऱ्या गावाला उठवणाऱ्या या गड्याला रोज आई हलवून उठवायची. सोमवारी तिने हलवलंच नाही. बापामागे पहिल्यांदाच त्याला भोंग्याने जाग आली. बाहेर मिट्ट काळोख. उशाशी फडक्यात बांधलेली भाकरी, आणि आई घरात नाही.

फाटकाशी माणसं डोळे चोळत जमली होती. गेनबा अंधारातच हजेरी घेत होता. आत पदर खोचून तानाबाई दांडा फिरवत होती. सावळारामचा पाय तिथेच अडला.

"थांबू नगंस," हात न थांबवता ती म्हणाली. "लेट हुशील."

त्या दिवशी गाव तासभर आधी कामावर हजर झालं. कामाला गेला तो एकटा सावळाराम.