आतोबांचे तीन प्रश्न आणि एक तांबडी फळी

१९७४ची दिवाळी, भोर. हजर: आत्या, तिचे यजमान म्हणजे आमचे आतोबा, हिर्डोशीचे एक शेतकरी आणि फराळाचे डबे घेऊन पोचलेली मी.

दुसऱ्याची अडचण ऐकून आतोबांइतका खूश होणारा माणूस उभ्या भोरात नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पंप-इंजिन दुरुस्तीचं दुकान. पण पान्याला हात लावण्याआधी ते तीन प्रश्न विचारायचे, तेही क्रमानं. हे काम मुळात हवंच का? उलटं केलं तर? आणि जे त्रास देतंय, त्यालाच कामाला लावलं तर? दूधदुभत्याच्या कपाटाचं दार लागेना, तेव्हा पहिल्याच प्रश्नाला त्यांनी दार काढून ठेवलं आणि मांजर आठवडाभर सायीवर राहिलं. हिर्डोशीच्या त्या शेतकऱ्यांचं भात पाखरं खात होती आणि ओढ्याचं पाणी बांध पोखरत होतं. आतोबांनी त्याच पाण्याच्या धारेखाली डबा टांगायला लावला. तो भरला की कलंडायचा, पत्र्यावर आदळायचा आणि पाखरं उडायची. ते सांगायला शेतकरी मुद्दाम आले होते. "मिस्त्री, ह्ये तुमास्नी सुचतं तरी कसं वो?"

"सुचत नाही हो. ओळीनं विचारत गेलं की सापडतं."

त्या वर्षी मात्र अडचण घरातच होती. आत्याला ऐकू येईनासं झालं होतं. मागच्या स्वयंपाकघरात ती एकटी. पुढून कुणी हाक मारली तरी तिला पत्ता नसे. ती हळूहळू सगळ्यांतून बाजूला पडेल, ही आतोबांची धास्ती. त्यांनी दुकानापासून चुलीपर्यंत दोरी आखली. इकडून ओढली की तिकडे आत्याच्या डोळ्यांसमोर तांबडी फळी पडणार. हातोडी घेऊन ते शिडीवर चढले, तशी आत्यानं त्यांचा पाय धरला.

"आता काही सांगायचं असलं की काम टाकून आत येता, खांद्यावर हात ठेवता. ही फळी बसली की तिथूनच दोरी ओढाल."

आतोबांनी हातोडी शिडीच्या पायरीवर ठेवली. मग उतरून, तिला ओठ दिसतील असे समोर उभे राहून म्हणाले, "तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही, त्रासालाच कामाला लावायचा." फळी माळ्यावर गेली. त्यानंतर दिवसभर ते काहीतरी सांगायला आत जात. बरेचदा सांगण्यासारखं काही नसायचंही.

आतोबा गेले, त्याला पावसाळा उलटून गेला. आत्या म्हणाली, "आता बसव गं ती फळी. पुढं कुणी आलं तरी कळत नाही मला." मी खिळे आणले, नवी दोरी आणली. दर रविवारी कामांच्या यादीत ते पहिलंच असतं. पण मी भोरला पोचले की आधी आत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवते. ती लगेच मागे वळत नाही. त्या हातावर आपला हात ठेवून थोडा वेळ तशीच बसते. मग चहा होतो, बोलणं होतं, माझी एसटी येते.

फळी अजून माळ्यावरच आहे.