पाच किलोमीटरच्या आत गप्प

मामांचा उजवा पाय कायम ब्रेकवर असायचा. गाडीत असोत वा नसोत. शेअर ऑटोत, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, समोर काही हललं की तो पाय जमिनीत रुतायचा. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. शेजारी बसून मात्र पाहिला नसेल.

चेन्नईत अड्यारच्या एका ड्रायव्हिंग स्कूलचे ते अर्धे मालक, साऱ्या शिकणाऱ्यांचे मामा. बोलणं तंजावरी मराठी, रागावले की तमिळ. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली, वेलचेरीत राहणारी, दाराशी एक जुनी गाडी घेऊन ठेवलेली.

"कंप्युटर चालवतेस गे, आणि गिअर सापडत नाही?" हा आमचा नमस्कार.

उरलेले अर्धे मालक त्यांचे बालमित्र, पार्टनरसाहेब. त्यांचं म्हणणं, पंधरा दिवसांत लायसन्स मिळवून द्यावं. मामा म्हणत, चढावर गाडी मागे न घसरता उचलता येईपर्यंत परीक्षेचं नावही काढायचं नाही. शिकणारे कंटाळून पळत. शेवटी दोघं भांडून वेगळे झाले आणि स्कूल पार्टनरसाहेबांकडे राहिलं.

मग करारातलं एक कलम वर आलं. जो बाहेर पडेल त्याने ऑफिसपासून पाच किलोमीटरच्या आत तीन वर्षं कुणाला गाडी शिकवायची नाही. हे कलम घातलं कुणी? मामांनीच! मित्र विद्यार्थी घेऊन पळेल, या संशयापोटी. वकील म्हणाला, नोकराला असं बांधता येत नाही, भागीदाराला येतं.

"सरी, ठीक आहे," मामा म्हणाले. "मीच लिहिलं, मीच भोगतो."

माझं शिकणं अर्धवट राहिलं होतं. त्यावर मामांनी तोडगा काढला. वेलचेरीच्या पुढे एक टायरचं दुकान होतं. तिथे त्यांनी मोजलेली हद्द संपायची. तिथपर्यंत ते स्वतः चालवत, तोंडातून अक्षर न काढता. दुकान मागे पडलं की आम्ही जागा बदलायचो आणि तुंबलेला आरडाओरडा एकदम सुटायचा. परतताना दुकान दिसलं की शिवीसुद्धा अर्ध्यात तोडून गप्प.

एकदा त्यांच्या डोळ्यात कचरा गेला, म्हणून परतताना टायरचं दुकान आल्यावरही मीच चालवत राहिले. मामा तोंडावर रुमाल दाबून बसले होते. इतक्यात एक बस आडवी आली.

"ब्रेक, अम्मा, ब्रेक!"

बस हातभर अंतरावरून गेली. मी गाडी कडेला घेतली. मामांचा चेहरा माझ्याहून पांढरा.

"शिकवलं गे मी. हद्दीच्या आत."

त्यांनी मला थेट स्कूलवर न्यायला लावलं. पार्टनरसाहेब कॉफी पीत होते.

"करार मोडला मी."

"काय शिकवलंस?"

"ब्रेक म्हटलं."

"एकदा?"

"दोनदा."

पार्टनरसाहेबांनी टंबलर खाली ठेवला. "पोरगी वाचली ना? मग काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गाडीत मागे येऊन बसले. "शिकव. माझ्यादेखत चालेल." तिथून पुढे रोज पुढचा म्हणे सेकंड, मागचा म्हणे थर्ड. मी गाडी शिकले आणि तंजावरी शिव्याही.

तीन वर्षं पुरी व्हायच्या आतच मुलीने मामांना कोईम्बतूरला नेलं. स्टेशनवर सोडायला पार्टनरसाहेबच आले, स्कूलच्या गाडीतून. मी मागे बसले होते. वाटेत प्रत्येक सिग्नलला पुढच्या सीटवर मामांचा पाय जमिनीत रुतत होता.

आगगाडी सुटली. पार्टनरसाहेब येऊन स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली, बाजूच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं. आणि चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाची गाडी झटका खाऊन भर रस्त्यात बंद पडली.